सीएच्या परीक्षेचं नवं वेळापत्रक

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की बडोद्यातल्या मराठी घरांत सीएचा विषय निघतोच. 1908 साली सयाजीराव महाराजांनी ज्या शहरात बँक ऑफ बडोदा काढली, तिथे हिशेबाच्या विद्येला मान असणारच. पण घरातले काका-मामा ज्या परीक्षेविषयी सांगतात ती आता बदलली आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

नवी योजना 1 जुलै 2023 पासून आली. इंटर आणि फायनलचे पेपर आठाचे सहा झाले. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांची दोन वर्षं झाली. परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची, ती आता जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर अशी तीनदा होते. फाउंडेशन आणि इंटरची 2024 पासून, फायनलची 2025 पासून.

‘चला, सोपं झालं!’ असं पालक म्हणतात. मला ते पटत नाही. फायनलमधले आर्थिक कायदे आणि कॉस्टिंग काही नाहीसे झालेले नाहीत. ते ऑनलाइन स्वयंअध्ययनाच्या संचांत गेले आहेत. असे चार संच 50 टक्के गुणांनी पार करावे लागतात, मगच फायनलला बसता येतं.

आता सवलतीचं पाहा. पेपरांचा अख्खा ग्रुप सुटला नाही, पण एखाद्या पेपरात 60 गुण मिळाले, तर त्या पेपरातून पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते. परीक्षा वर्षातून दोनदा होती तेव्हा ही सूट दीड वर्ष पुरायची. आता ती वर्षभरात संपते. ती कायमची करून घेता येते, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात 40 ऐवजी 50 गुण लागतात. फॉर्म भरण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा.

‘राहिलं तर चार महिन्यांनी पुन्हा आहेच’ हेही ऐकतो. मे 2025 चा निकाल 6 जुलैला लागला आणि सप्टेंबरची फायनल 3 तारखेला सुरू झाली. म्हणजे राहिलेल्या मुलाच्या हाती दोन महिनेसुद्धा नव्हते. तयारी नसेल तर एक परीक्षा सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला सर्वांत जास्त काळजी आर्टिकलशिपची वाटते. मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या गोदामात 31 मार्चला स्टॉक मोजायला गेलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. यादीवर पिंपांचा आकडा असतो. पुढची रांग मोजून खूण करणं सोपं असतं. पण मागच्या रांगेपर्यंत जायचं, पिंप हलवून भरलेलं आहे का ते पाहायचं, मोडका माल वेगळा लिहायचा आणि मग आकडा रजिस्टरशी ताडायचा, हे शिकवायला सोबत सीनियर लागतो. ते पुस्तकातून येत नाही. पूर्वी शिकाऊ मुलाच्या वाट्याला असे तीन 31 मार्च यायचे, आता दोनच येतात.

म्हणून बडोद्यातल्या सीए मंडळींना माझी विनंती आहे. मुलांना पहिले सहा महिने नुसतं झेरॉक्स आणि चलनांवर ठेवू नका, पहिल्याच वर्षी ऑडिटला न्या. आणि पालकांनो, अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून नुसत्या कागदावरची आर्टिकलशिप शोधू नका.