मोठ्यांचा खोकला, लेकराला टीबी
(संघटनेच्या शिबिरातील आरोग्य गटाचे भाषण)



जमिनीच्या शिबिरात टीबीचं कशाला, असं कुणी विचारील. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्लॉट आपल्या नावावर होईल, पण तो कसायला पोरं जगली पाहिजेत. म्हणून हे बोलतो.

दिवाळी झाली की उचल फेडायला आपली माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. एका खोपटात सहा-सात जण झोपतात. त्यातला एक खोकतो. टीबी ताटातून, कपड्यातून पसरत नाही. तो खोकल्याबरोबर हवेतून पसरतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगात हा जंतू झोपलेला आहे. शंभरात पाच-दहा जणांनाच तो आयुष्यात कधीतरी आजारी पाडतो. पण एचआयव्हीने अंगातली राखण मोडली की तो लवकर जागा होतो. मोठ्या माणसात तेवढा धोका मग दरवर्षीचा होतो. लहान पोराची राखण तर मुळातच कच्ची. टीबी त्याच्या मेंदूपर्यंतही जातो. दंडावर बीसीजी टोचली म्हणून निश्चिंत राहू नका.

एचआयव्ही बहुतेक पोरांना आईकडून येतो, पोटात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. यात आईचा गुन्हा नाही, पोराचा तर नाहीच. अशा पोराला जवळ घेतल्याने, एका ताटात जेवल्याने काही होत नाही. उलट भीती त्यालाच आहे, आपल्या खोकल्याची.

मग करायचं काय?

पहिलं, दोन आठवड्यांवर खोकला असलेल्या मोठ्या माणसाची थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात, औषधंही फुकट. मोठा बरा झाला तर पोर वाचतं.

दुसरं, पोराचं वजन वाढत नाही, ताप उतरत नाही, खोकला जात नाही, किंवा घरात टीबीचा पेशंट आहे, यातलं एक जरी असलं तरी दवाखाना गाठा. भगताकडे जायचं तर जा, पण दवाखाना चुकवू नका. लहान पोर बेडका थुंकत नाही, गिळतं. म्हणून तपासणीत जंतू सापडला नाही तरी टीबी असू शकतो. "काही नाही, घरी न्या" म्हटलं तरी हटू नका, फोटो काढा म्हणावं.

तिसरं, टीबी नाही अशी खात्री झाली की एचआयव्ही असलेल्या पोराला टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिडची गोळी सहा महिने देता येते. डॉक्टरांना तिचं विचारा. घरात टीबी असेल तर पाच वर्षांखालच्या प्रत्येक पोरासाठी विचारा.

चौथं, एचआयव्हीची औषधं सरकार २००४ पासून फुकट देतं. ती रोज, आयुष्यभर घ्यायची. टीबीची कमीत कमी सहा महिने. दोन्ही चालू असतील तर दोन्हीकडे सांगा. काही औषधांचं एकमेकांशी पटत नाही, डॉक्टर ती बदलून देतात.

आता खरी अडचण. औषध गावात आणि पोर भट्टीवर! गोळ्या मध्येच तुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून निघण्याआधी दवाखान्याची चिठ्ठी घ्या, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यात औषध चालू राहील. पाडा समितीने कुटुंब निघण्याआधी एवढं विचारावं. पण आजाराचं नाव पाड्यात करू नये.

गावातच पोट भरलं तर पोराला भट्टीवर न्यावं लागणार नाही आणि गोळी चुकणार नाही. म्हणून दाव्यांची लढाई ही पोरांच्या औषधाचीही लढाई आहे. दोन्ही सोडायच्या नाहीत.

जिंदाबाद!