पाऊल, श्वास आणि यंत्र

संगीतकाराच्या दिवसातला बराच वेळ वाद्यापासून दूर जातो, आणि त्यातला मोठा वाटा पायांचा असतो. क्लिनच्या घरी राहणारा चायकोव्स्की दुपारच्या जेवणानंतर दोन तास फिरायला जाई आणि वाटेत सुचेल ते वहीत टिपून घेई. व्हिएन्नाच्या परिसरात भटकताना बेथोव्हेनच्या खिशात कोरे कागद आणि पेन्सिल असे. एरिक साती 1898 मध्ये पॅरिसबाहेरच्या आर्केयला राहायला गेला. शहर तिथून सुमारे 10 किलोमीटर, तरी ते अंतर तो बहुधा पायीच तोडी. अशा सवयींवर भाबडे लेखन पुष्कळ झाले आहे. कारण मात्र साधे दिसते. चालताना शरीर एक लय धरते आणि ती सांभाळण्यासाठी मनाला वेगळे कष्ट पडत नाहीत. धावताना ही पकड अधिक घट्ट होते. हौशी धावपटूची पावले मिनिटाला साधारण 160 ते 180 पडतात आणि श्वासही पुष्कळदा पावलांच्या हिशेबाने घेतला जातो. ठेका आधीच चालू असतो, बंदिश सुचायची राहिलेली असते.

त्याआधी प्रश्न येतो घरभाड्याचा. संगीताची पदवी घेऊन सभागृहाबाहेर पडणाऱ्या स्नातकाला तो पहिल्याच महिन्यात भेटतो, आणि अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यालाही तो चुकला नाही. कॉर्नेल विद्यापीठातून 1957 मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी, मग न्यूयॉर्कची जुलियार्ड संस्था, आणि 1963 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजची पदव्युत्तर पदवी; एवढे पदरी असताना त्याने सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सी चालवली. पुढे न्यूयॉर्कमध्ये फिलिप ग्लास या दुसऱ्या संगीतकाराबरोबर लोकांचे घरसामान हलवण्याचीही कामे केली. टॅक्सीत मात्र त्याने मायक्रोफोन लपवून ठेवला होता आणि उतारूंच्या बोलण्यातून व रस्त्यावरच्या आवाजांतून त्याने एक ध्वनिरचना जोडली. पोटापाण्याचे काम आणि संगीत यांच्यामध्ये भिंत घालायला त्याला सवडच नव्हती, असे म्हणता येईल.

राइशची खरी वाट एका टेप रेकॉर्डरच्या दोषातून निघाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एक धर्मोपदेशक नोहाच्या प्रलयावर प्रवचन देत होता. राइशने 1964 मध्ये ते ध्वनिमुद्रित केले. त्यातल्या एकाच उद्गाराच्या दोन सारख्या फिती त्याने दोन यंत्रांवर एकदम लावल्या. यंत्रे एकाच बनावटीची असली तरी त्यांच्या वेगात किंचित फरक होता. दोन्ही आवाज आधी एक होते, मग हळूहळू एक दुसऱ्याच्या पुढे सरकू लागला आणि त्या फटीतून कोणीही न गायलेले तालाचे तुकडे ऐकू येऊ लागले. 1965 मधली ‘इट्स गॉना रेन’ ही रचना अशी तयार झाली. बिघाड समजून दुसऱ्या कोणी फीत पुन्हा लावली असती. राइश ऐकत राहिला.

पण यंत्राने दाखवलेले माणसाच्या हाताला जमते का, हा प्रश्न उरला होता. 1966 च्या अखेरीस त्याने पियानोवर वाजवलेल्या एका छोट्या स्वराकृतीची फीत फिरती ठेवली आणि तिच्यासोबत तीच आकृती स्वतः वाजवत, वेग तिळातिळाने वाढवून, तो पुढे सरकू लागला. जमले. 1967 च्या ‘पियानो फेज’मध्ये फीत उरलीच नाही, दोन पियानो, बारा स्वरांची एक आकृती, एक वादक स्थिर आणि दुसरा सरकता. उलट प्रयोगही झाला. बेल लॅब्जच्या एका अभियंत्याच्या मदतीने त्याने स्वर क्रमाक्रमाने पुढे-मागे करणारे विजेवरचे उपकरण बनवून घेतले आणि 1969 मध्ये ते न्यूयॉर्कच्या मंचावर आणले. ते बिनचूक चालले, आणि बिनचूकपणाच त्याला निर्जीव वाटला. एवढी मेहनत घेतलेले उपकरण त्याने बाजूला ठेवले.

पुढच्याच वर्षी, 1970 च्या उन्हाळ्यात, तो घानामध्ये अक्रा येथे एवे लोकांचे ढोलवादन शिकायला गेला. शिकण्याची पद्धत इथल्या तालमीशी ताडून पाहण्यासारखी आहे. दिवसा गुरूसमोर बसून वाजवायचे, प्रत्येक धडा ध्वनिमुद्रित करायचा आणि नंतर ती फीत निम्म्या किंवा पाव वेगाने पुन्हापुन्हा ऐकून कोणता आघात कुठे पडतो ते लिहून काढायचे. मलेरियामुळे हा मुक्काम लवकर आटोपता घ्यावा लागला. तरीही परतल्यावर ‘ड्रमिंग’ (1971) ही प्रदीर्घ रचना उभी राहिली, आणि तिच्यात विजेचे कोणतेही यंत्र ताल चालवत नाही. 1976 मध्ये प्रथम सादर झालेल्या ‘म्युझिक फॉर 18 म्युझिशियन्स’मध्ये तर काही स्वरांची लांबी घड्याळाऐवजी फुफ्फुसांवर सोपवलेली आहे. क्लॅरिनेटवादक आणि गायिका यांचा श्वास सहज पुरेल तेवढा वेळ त्या स्वरांची स्पंदने उठतात आणि विरतात. समोर संचालक नसतो. पुढच्या भागात जाण्याची खूण व्हायब्राफोनवरून मिळते.

यंत्रांशी त्याचे वैर मात्र झाले नाही. 1988 च्या ‘डिफरंट ट्रेन्स’मध्ये माणसांच्या बोलण्याचे मुद्रित तुकडे सॅम्पलरवर घेऊन त्या बोलण्याचे चढउतार त्याने तंतुवाद्यांकडून वाजवून घेतले. यंत्राने ऐकायला शिकवायचे आणि वाजवायचे माणसाने, ही वाटणी पुढेही टिकली.

आजच्या संगीतकाराचा दिवस बहुधा संगणकासमोर सुरू होतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून 1983 मध्ये मिडी ही पद्धत आली. तिच्या घड्याळात एका ठोक्याचे 24 भाग असतात आणि जोडलेली यंत्रे त्यावर एकमेकांशी जुळून चालतात. पुण्या-मुंबईत रियाझाला बसणाऱ्यांच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तालयंत्र आता नवे राहिलेले नाही. त्याची सोय निर्विवाद आहे, उणीवही. ते यंत्र गायकासाठी क्षणभरही थांबत नाही, आणि तान लांबली तर समेवर त्याची भेट होत नाही.

धावणाऱ्यांच्या कानात संगीत शिरले ते वॉकमनमुळे, 1979 नंतर. इथिओपियाचा हाइले गेब्रसेलासी याने 1998 मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदिस्त मैदानात 2000 मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या सांगण्यावरून ‘स्कॅटमन’ हे गाणे ध्वनिक्षेपकावर लावलेले होते. 2006 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स मर्फीने एका बुटांच्या कंपनीसाठी धावताना ऐकायची पाऊण तासाची अखंड रचना केली आणि धावण्याच्या टप्प्यांनुसार ती बेतली असल्याचे सांगितले. आपण धावत नाही, लांब रचना करण्याची संधी हवी होती, हे त्याने नंतर कबूल केले. रचना तरीही उत्तम आहे. धावणाऱ्यांनी ती नाकारल्याचे ऐकिवात नाही.

धावण्याचा धडा संगीताच्या आतच उतरवण्याचे काम राइशने वयाच्या ऐंशीव्या वर्षी केले. 2016 च्या ‘रनर’ या रचनेत पाच भाग आहेत आणि मूळ लय पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलत नाही. बदलते ती स्वरांची लांबी: आरंभी अतिशय जलद, मग त्याच्या निम्म्या गतीने, मधल्या भागात घानातल्या घंटेच्या ठेक्याचे संथ रूप, आणि तिथून पुन्हा पायरीपायरीने जलद. मराठी श्रोत्याला यात चौपट, दुगुन, बराबरीची लयकारी ओळखता येईल. मात्रा तीच, भरणा वेगळा. आरंभीच दम घालवला तर शेवट गाठता येत नाही, म्हणून रचना लिहिताना आपल्यालाही धावपटूसारखा वेग बेतावा लागेल याची राइशला जाणीव होती, आणि नाव त्यावरून व जलद आरंभावरून सुचले. वेन मॅकग्रेगरने त्या वर्षी लंडनच्या रॉयल बॅलेसाठी या रचनेवर ‘मल्टिव्हर्स’ हे नृत्य बसवले. त्याच प्रयोगात ‘रनर’च्या जोडीला त्याने ‘इट्स गॉना रेन’ घेतली होती.