मागे राहिलेल्या मुलांसाठी एक तास
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा ही शिक्षणावर काय बोलणार, असे कुणाच्या मनात येईल. परंतु आपल्याच मुंबईतल्या शाळांवर झालेला एक अभ्यास माझ्या मुलीने मला वाचून समजावून दिला. तो आपल्यासारख्या बायकांच्या उपयोगाचा वाटला, म्हणून सांगते.

मूल चौथीत जाते, पण त्याला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, हे आपण चाळीत पाहतो. बाई वाईट शिकवतात असे नाही. त्यांना ठरलेला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. करी रोडच्या फलाटावर उभे राहिलेल्या माणसासमोरून फास्ट लोकल निघून जावी, तसा तो धडा या मुलासमोरून निघून जातो.

मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने यावर 'बालसखी' हा उपाय काढला. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, बहुधा माध्यमिक शाळा पुरी केलेली तरुण मुलगी. तिला सुमारे दोन आठवडे शिकवून तयार करीत. मग मागे पडलेली पंधरा-वीस मुले वर्गातून वेगळी घेऊन ती त्यांना रोज दोन तास अक्षरे, वाचन, अंक, बेरीज असे पहिली-दुसरीचे शिकवी. मानधन महिना 500 ते 750 रुपये.

याचा खरोखर उपयोग होतो का, हे अमेरिकेतील एमआयटीचे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी 2001 ते 2003 या काळात मुंबई व बडोद्याच्या पालिका शाळांत तपासले. बॅनर्जींचा जन्म मुंबईचाच. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, काहींत दुसऱ्या इयत्तेला. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. मग बालसखी मिळालेल्या तिसरीची तुलना न मिळालेल्या तिसरीशी केली. त्यामुळे कुणाला झुकते माप मिळाले नाही.

निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. मुलांचे गुण वाढले, आणि ही वाढ मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. ती मुले बाहेर गेल्याने वर्गातली गर्दी कमी झाली, पण वर्गात राहिलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे नुसती गर्दी कमी करून भागत नाही. मूल जिथे अडले आहे, तिथून कुणीतरी त्याला शिकवायला हवे. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते गरिबी हटवण्याचे उपाय असे प्रत्यक्ष तपासून पाहण्याच्या पद्धतीबद्दल.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. उपक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिले, तेव्हा मुलांची वाढ पुष्कळ ओसरली होती. तेव्हा गणपतीच्या उत्साहाने सुरू करून दिवाळीला बंद करण्याचे हे काम नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी. मंडळाची खोली संध्याकाळी साड्यांच्या विक्रीसाठी भाड्याने जाते. तिथे रोज एक तास मुलांचा वर्ग भरावा, आणि निदान दोन वर्षे तो मोडू नये. भाडे बुडेल, खजिनदारबाईंच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मला ठाऊक आहे. सहलीचा खर्च कमी करू. आपल्यात निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी शिकवणाऱ्यांना तयार करावे. बारावी झालेल्या मुली व सुना यांनी शिकवावे, आणि त्यांना थोडे का होईना मानधन द्यावे. मुलांचे गट इयत्तेवरून पाडू नयेत; दोन ओळी वाचायला देऊन मग पाडावेत.

राहता राहिल्या माझ्यासारख्या. आम्ही सतरंज्या घालू, हजेरी ठेवू, आणि जे मूल दोन दिवस आले नाही त्याच्या दारी जाऊ. या कामाला सातवी पुरे आहे.

आजच्या सभेत या सूचनेवर हात वर करून मत घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.