धुराची वही आणि माणसांची वही

(एका बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल की, सरकारी संशोधन आणि आकडेवारी यांच्याशी नवदीक्षित कुटुंबांचा संबंध तो काय? आकडे हे कारकुनांचे काम! परंतु गावाच्या कोणत्या अंगाला राहावे, कोणत्या पाणवठ्यावर जावे आणि कोणाची घाण उचलावी, हे ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवून दिले, त्या समाजाला आकड्यांकडे पाठ फिरवून चालणार नाही. १९३२ साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांच्या संख्येचा प्रश्न आला, तेव्हाचा इतिहास आठवा. मतदानाचा हक्क या संख्येशी जोडला जाणार, असे दिसताच काही प्रांतांतून, आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असे सांगणारे पुढे सरसावले. माणसे होती तेथेच होती. कागदावरून मात्र ती नाहीशी होऊ लागली. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. त्यांनी आपले स्वतंत्र टिपण जोडले.

आज तोच प्रश्न पाणी, धूर आणि कचरा यांच्या बाबतीत उभा आहे. कारखान्याचा धूर कोणाच्या छातीत जातो? शहराचा कचरा कोणाच्या दारात पडतो? उत्तर आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. पण अनुभव ही तक्रार ठरते. पुरावा ठरण्यासाठी मोजणी लागते.

हे काम कसे होते, हे पाहण्यासाठी क्षणभर अमेरिकेकडे वळू. तेथील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. कागदाची किंमत त्यांच्याइतकी कोणी ओळखली होती?

१९८२ साली उत्तर कॅरोलिनातील वॉरेन परगण्यात, बहुसंख्येने कृष्णवर्णीय राहतात अशा ठिकाणी, पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरण्यात आली. लोक मालमोटारींपुढे आडवे झाले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. खड्डा मात्र भरलाच. तथापि त्या लढ्यातून एक प्रश्न निघाला : असे फक्त येथेच घडते काय? १९८३ साली तेथील केंद्रीय हिशेबतपासणी कार्यालयाने आग्नेय भागातील चार विषारी कचराभूमींची पाहणी केली. चारपैकी तीन ठिकाणी भोवतालची वस्ती बहुसंख्येने कृष्णवर्णीय निघाली. पुढे १९८७ साली संपूर्ण देशाचा हिशेब मांडला गेला, तो सरकारने नव्हे, तर एका ख्रिस्ती चर्चच्या वंशन्याय आयोगाने. त्याने टपाल विभागांप्रमाणे एका बाजूस कचराभूमी आणि दुसऱ्या बाजूस लोकवस्ती मांडली. अशी कचराभूमी कोठे असते, हे सांगणाऱ्या कारणांत गरिबीपेक्षाही वंश अधिक प्रबळ ठरला. ‘गरीब म्हणून स्वस्त जागेत राहतात’ हे नेहमीचे उत्तर तेथे अपुरे पडले. आपणांसही हेच उत्तर ऐकविण्यात येते, म्हणून हे विशेष ध्यानात ठेवा.

१९९४ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढून सर्व केंद्रीय खात्यांना या अन्यायाची दखल घ्यावयास लावले, आणि २०१५ साली तेथील पर्यावरण खात्याने एक नकाशा लोकांना खुला केला. आपल्या भागात प्रदूषण किती आणि तेथे राहते कोण, हे कोणालाही त्यावर एकत्र पाहता येई. पण सरकारने दिलेले सरकार परतही घेते. जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश रद्द झाला, आणि फेब्रुवारीत तो नकाशा सरकारी संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आला. ज्या अभ्यासकांनी आधीच त्याच्या नकला करून ठेवल्या होत्या, त्यांनी तो पुन्हा लोकांपुढे आणला.

आता आपल्या देशाकडे येऊ. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्या भीतीने अमेरिकेने १९८६ साली कायदा केला, आणि कोणता कारखाना दरवर्षी कोणते विष किती सोडतो याची जाहीर नोंदवही सुरू केली. मेली आपली माणसे. वही मिळाली त्यांना! आपल्याकडेही पर्यावरण संरक्षणाचा कायदा १९८६ सालचाच आहे. त्याच्या नियमांप्रमाणे कारखानदार दरवर्षी प्रदूषण नियंत्रण मंडळाला पर्यावरण विवरणपत्र देतो. परंतु ते मंडळाच्या दप्तरात जाते. शेजारच्या वस्तीच्या हाती आपोआप येत नाही. ही झाली धुराची वही. माणसांची वही म्हणजे जनगणना. या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचण्याची रीत आपल्या सरकारात रुजलेली नाही.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी आपण हक्काने प्यालो. मुंबईचे देवनार डंपिंग ग्राउंड त्याच सालापासूनचे आहे. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटले, तेव्हा शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हवेतील धूळ किती वाढली, याचे आकडे वर्तमानपत्रांत आले. त्या धुराखाली पिढ्यान्‌पिढ्या कोण राहतो, याचा रकाना त्या आकड्यांत नव्हता.

रकाना भरला तर काय दिसते, याचे एक उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेत, जेथील मैला माणसाच्या हाताने काढला जातो अशी ७,९४,३९० शौचालये आढळली. पुढे २०१३ आणि २०१८ च्या पाहण्यांत सरकारने हे काम करणारी ५८,०९८ माणसे शोधली. त्यांची जात कोणती, असे राज्यसभेत विचारले गेले, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर मिळाले : ४३,७९७ जणांची जात नोंदलेली आहे आणि त्यांपैकी ४२,५९४ अनुसूचित जातींचे आहेत. शेकडा सत्त्याण्णव! एका रकान्याने जे सांगितले, ते शंभर भाषणांनी सांगता आले नसते. पण त्याच वर्षी, हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असेही उत्तर संसदेत दिले गेले. गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत गुदमरून मेलेले दुसऱ्या मथळ्याखाली मोजले जातात. मथळा कोण ठरवितो, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. येत्या जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ठरली असून तीत सर्वांची जात नोंदली जाणार आहे. दीक्षा घेतल्यावर जात कशाला लिहावयाची, असे अनेक तरुण मला विचारतात. त्यांच्या प्रश्नामागील स्वाभिमान मला मान्य आहे. पण धर्माचा रकाना निराळा आणि जातीचा निराळा. पहिल्यात निःशंकपणे ‘बौद्ध’ लिहावे. दुसऱ्याविषयी एवढे जाणून घ्या की, १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींत गणण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाही. दुसरा रकाना कोरा राहिला, तर उद्या कोणी धुराची वही उघडून ‘येथे अनुसूचित जातींचे लोक किती?’ असे विचारले, तेव्हा आपली आळी तीत सापडणार नाही. आजारी माणूस वैद्याला रोगाचे नाव सांगतो. त्यामुळे तो रोगाचा उपासक होत नाही. प्रगणक घरी येईल तेव्हा दोन्ही उत्तरे घरातील जाणत्याने स्वतः द्यावीत, आणि त्याने काय टिपले ते विचारून घ्यावे. आपले आडनाव पाहून त्याने मनाने काही भरू नये.

आणि केवळ सरकारवर विसंबू नका. या विहारात एक वही ठेवा. नळाला पाणी किती वाजता आले, त्याला रंग किंवा वास होता काय, रात्री धूर कधी सुटला, कोणत्या घरी खोकला वा दम्याचा रोगी आहे, हे तारखेसह लिहा. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलींना द्या; त्यांचे अक्षर आपल्यापेक्षा चांगले असते. वहीची एक प्रत दुसऱ्या वस्तीत ठेवा.

शेजारच्या कारखान्याचे पर्यावरण विवरणपत्र मिळविण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. अर्ज मंडळाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. त्यात एकच विषय लिहावा. त्यास दहा रुपये शुल्क पडते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे; न मिळाल्यास अपील करता येते. अर्जाचा मराठी नमुना मी बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर तो ओसरीवर ठेवतो. ज्यांना हवा असेल त्यांनी उतरवून घ्यावा.