टेप जातो, वर काचही जाते

आजचा विषय गाडीतल्या म्युझिक सिस्टीमची चोरी. आपल्याकडे अजून पुष्कळ जण तिला 'टेप'च म्हणतात, कॅसेट जाऊन जमाना झाला तरी.

चोराला हा टेप का आवडतो? कारण तो लगेच दुसऱ्या गाडीत बसतो. बाहेरून घेतलेल्या सिस्टीमचं माप ठरलेलं असतं. सिंगल डिन म्हणजे 180 बाय 50 मिलीमीटर, डबल डिन म्हणजे 180 बाय 100. नव्या गाड्यांत कंपनीचा स्क्रीन बहुतेक डॅशबोर्डच्याच आकाराचा असतो, तो दुसरीकडे बसवणं कटकटीचं. तेव्हा जास्त जपायचं कुणी? तर ज्यांनी हौसेनं नवा स्टिरिओ, डिक्कीत अँप आणि बूफर बसवलाय त्यांनी.

पुढचा पॅनल निघत असेल तर तो काढून घरी न्या. सीटखाली नको, चोरालाही वाकता येतं. बूफर बोल्टनं पक्का करा आणि वरचा पार्सल ट्रे लावून ठेवा. काचेवर ऑडिओ कंपनीचा भलामोठा स्टिकर लावणं म्हणजे तर निमंत्रणपत्रिका! अलार्म असू द्या, पण मांजरानं उडी मारली तरी वाजणारा अलार्म चार दिवसांनी सोसायटीत कुणी ऐकत नाही.

आता इन्शुरन्स. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर चोरीचे काहीच मिळत नाही. पूर्ण पॉलिसी असली तरी बाहेरून बसवलेली सिस्टीम तिच्यात वेगळी दाखवावी लागते. त्यासाठी साधारण किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम, म्हणजे 40 हजारांच्या सिस्टीमला वर्षाला 1,600 रुपये आणि वर कर.

पण क्लेम करण्याआधी कागद-पेन घ्या. समजा तुमचा नो क्लेम बोनस 50 टक्क्यांवर पोचलाय. क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुढे 20, 25, 35, 45 असा पायरीपायरीनं चढतो. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम 12 हजार धरला आणि तो तेवढाच राहिला, तर परत 50 वर पोचेपर्यंत 15 हजार रुपये जास्त जातात. 10 हजारांच्या टेपसाठी हा व्यवहार परवडत नाही. टेप, अँप, फुटलेली काच आणि तोडलेलं वायरिंग मिळून 40 हजारांवर गेलं, तर जरूर करा.

क्लेम करा किंवा करू नका, पोलिसात तक्रार द्याच. तिथे सिरियल नंबर लागतो, आणि तो बहुतेक वेळा सिस्टीमच्या अंगावर असतो, म्हणजे फिटिंग झाल्यावर दिसत नाही. बसवण्याआधीच मोबाइलवर फोटो काढा, बिलावरही नंबर लिहून घ्या. चोरीचा माल सापडला तर तो तुमचाच, हे त्यावरूनच सांगता येतं.

काही सिस्टीमना कोड असतो. बॅटरीची वायर काढली की तो टाकल्याशिवाय त्या चालत नाहीत, चोराच्या हाती नुसता डबा. फक्त त्या कोडचं कार्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवू नका!