हयातीचा दाखला
(श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



मी वक्ता नाही. शिक्षण एस.एस.सी. पर्यंत आणि नोकरी तालुक्याच्या कचेरीत लिपिकाची. मंडळी म्हणाली, "रोज लिहितोस, आज चार शब्द बोल." गावाची आज्ञा मोडवत नाही, म्हणून उभा आहे.

माझ्या टेबलावर मरण रोज येते. मृत्यूचे दाखले, वारसांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे. वर्षातून एकदा निराधार योजनेतील म्हातारी माणसे हयातीचा दाखला देण्यास येतात. एकदा एक आजी म्हणाली, "बाबा, मी म्होरं उभी हाय, मंग कागद कशाला?" मी हसून वेळ मारून नेली. पण माणूस जिवंत आहे हे ओळखायचे कशावरून, हा प्रश्न मनातून जाईना.

आपल्याच जिल्ह्यात, गोदाकाठी पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. योगबळाने ते चौदाशे वर्षे जगले, अशी कथा आहे. त्यांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास घेतले, पण मायना काय घालावा हे सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठविला. तो पाहून मुक्ताई म्हणाली की चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला! ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल 65 ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. ज्यांनी नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली. वय अवघे एकवीसच्या आसपास. चौदाशे वर्षांचा कागद कोरा आणि एकवीस वर्षांचा भरलेला. मी कारकून माणूस, मला ही गोष्ट फार पटते.

मंडळी, न मरणारी माणसे आमच्या दप्तरातही आहेत. माणूस जाऊन वीस-वीस वर्षे होतात, तरी सातबाऱ्यावर नाव तसेच राहते. अशा नावांसाठी शासनाने 2025 साली 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावावयाची होती. मी गावोगावच्या लोकांना तळमळीने सांगत होतो, "अर्ज द्या, उशीर करू नका."

आणि माझ्याच घरचा सातबारा आमच्या आण्णांच्या नावावर होता.

आण्णांना जाऊन सहा वर्षे झाली होती. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत केली. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यावी, हा नियम मी दुसऱ्यांना तोंडपाठ सांगतो. घरी विचारले की म्हणे, कामाचा व्याप आहे. ते खोटे होते. खरे आज आपल्यापुढे सांगतो. अर्जात आण्णांच्या नावामागे माझ्या हाताने 'मयत' लिहावे लागणार होते. ते लिहीपर्यंत ते मालक होते, घरात होते.

पण त्या मायेपायी धाकट्या भावाचे पीककर्ज अडले. एका साली त्याने चढ्या व्याजाने हातउसने पैसे घेऊन कांदा लावला, आणि मला एका शब्दाने बोलला नाही. मी आण्णांना कागदावर जिवंत ठेवले आणि जिवंत भावाला अडवून धरले. शेवटी आईच म्हणाली, "आरं, त्यांना आता जाऊ दे." त्या रात्री अर्ज भरला. हात थरथरला, पण भरला. आई, बहीण, आम्ही दोघे भाऊ, अशी चार नावे लागली. पुढल्या हंगामात भावाला सोसायटीचे कर्ज मिळाले. पेरणीच्या दिवशी तो आण्णांसारखाच धोतराचा काचा मारून शेतात उतरला. सहा वर्षांत प्रथमच मला आण्णा दिसले.

तेव्हा कळले की नाव धरून ठेवल्याने माणूस राहत नाही. त्याचे काम पुढच्याच्या हाती दिले, तर राहतो. आपला शनिवारचा बाजार पाहा. बैल बदलले, दावे धरणारे हात बदलले, बाजार भरतोच आहे.

या देवळाचेही तसेच. पहिला दगड कोणी बसविला, त्याचे नाव आज कोणाला सांगता येत नाही. तरी दिवा तेवत राहिला, कारण प्रत्येक पिढीने त्यात तेल घातले. जीर्ण होणे दगडालाही चुकले नाही, उद्धार मात्र माणसाच्या हाती आहे. देणगीदारांची नावे पाटीवर कोरली आहेत, ती योग्यच आहेत. हिशेब चोख हवा. पण पाटीही एक दिवस झिजेल. त्या दिवशी आपली नातवंडे पुन्हा पावतीपुस्तक घेऊन घरोघरी फिरली, तर तोच आपला हयातीचा दाखला समजावा.

आणखी एक विनंती. ज्यांच्या घरी वारसाची नोंद राहिली असेल, त्यांनी उद्याच कचेरीत यावे. अर्ज मी स्वतः भरून देईन. 'मयत' लिहिताना हात थरथरला, तर तेवढा वेळ थांबेनही.

अधिक-उणे बोललो असेन तर पदरात घ्यावे. रामकृष्णहरी.