कोण पाहत आहे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘करमणूक : कालची आणि आजची’. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. नाटक-सिनेमातलं मला फारसं कळत नाही, पण करमणुकीचा खर्च पासबुकात कसा दिसतो हे चांगलं कळतं. तेवढंच बोलतो.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला. नवीन कार्यालयं आली, बदल्या होऊन माणसं आली आणि त्यातूनच पुढे आपली सोसायटी उभी राहिली. तेव्हा इथे धड रस्ता नव्हता, पण केबल होती! एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर काळी तार गेलेली असायची आणि माकडं आली की अर्ध्या गल्लीचं चित्र जायचं. भारनियमनाच्या दिवसांत तर मालिका ऐन रंगात आली की लाइन जायची. मग दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर चौकशी, “काल शेवटी काय झालं वो?” ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांचा भाव त्या काळात वेगळाच होता. (इन्व्हर्टरवाले इथे बसले आहेत, हसताहेत.)

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डिसेंबरमध्ये प्राइम व्हिडिओ. डेटा स्वस्त झाला आणि टीव्ही खिशात गेला. २०१९ मध्ये ट्रायच्या नव्या नियमांमुळे चॅनेल निवडून घ्यायची वेळ आली, तेव्हा यादी भरून द्यायला लोक माझ्याकडे यायचे. लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवलं. १९८७ साली ज्यांनी ते शेजाऱ्याच्या ओसरीत बसून पाहिलं होतं, त्यांनी या वेळी आपापल्या घरात पाहिलं.

आता मुद्द्यावर येतो. दोनेक वर्षांपूर्वी आपल्या एक काकू पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. नाव सांगत नाही. त्या समोरच बसल्या आहेत आणि हे सांगायची परवानगी मी घेतलेली आहे. कुटुंब निवृत्तीवेतनाचं खातं. त्यातून दर महिन्याला २९९ रुपये जात होते. मोजले तर चौदा महिने, म्हणजे ४,१८६ रुपये. काकूंना वाटलं, बँकच कापते.

शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. आदल्या वर्षीच्या दिवाळीला मुलगा पुण्याहून आला, आईला मोठा स्मार्ट टीव्ही घेऊन दिला, वाय-फाय बसवलं आणि एका ओटीटीची वर्गणी भरली. ऐन वेळी त्याच्या कार्डाचा ओटीपी येईना म्हणून आईचं कार्ड टाकलं. पैसे जाण्याआधीचा मेसेज येत होता, पण काकूंच्या बटनाच्या फोनवर आणि तोही इंग्रजीत. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आई पाहते, म्हणून मी हात लावला नाही.” काकू म्हणाल्या, “तो पुण्यात पाहत असेल, म्हणून मी काही बोलली नाही.” पाहत कोणीच नव्हतं!

मी म्हटलं, चला, आत्ताच बंद करून टाकू. त्यांच्या घरी जाऊन टीव्ही लावला. पडद्यावर प्रश्न आला, ‘कोण पाहत आहे?’ आणि खाली चार चौकोन : मुलगा, सून, नातू आणि ‘आई’. मी रिमोट हातात घेतला तर काकू म्हणतात, “राहू द्या न वो साहेब. टीव्ही लावला की चौघांची नावं एका ठिकाणी दिसतात.”

बँकेत पस्तीस वर्षं काढली, पण या नोंदीला कोणत्या खात्यात टाकावं ते मला सुचलं नाही. मुलाला पुन्हा फोन केला. त्याने त्याच दिवशी वर्गणी स्वतःच्या कार्डावर घेतली आणि नातूही तिकडे त्याच खात्यावर कार्टून पाहू लागला. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून घराबाहेर पासवर्ड वाटायला बंदी केली आहे. यांची कंपनी अजून चालवून घेते. नातवाने अर्धवट सोडलेलं काकूंना इथे दिसतं. परवा मला सांगत होत्या, “आज हत्तीचं पाहून राह्यला तो.” स्वतः मात्र त्या कीर्तनच लावतात.

प्रत्येक घरात असं गोड निघत नाही, म्हणून कामाचं सांगतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की, कार्डावरून असे आपोआप पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवलं पाहिजे. तो मेसेज वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या पोराकडून वाचून घ्या. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही, हे तर पाटीवर लिहून लावावं इतकं सांगून झालं. वर्गणी त्या सेवेच्या खात्यात जाऊन रद्द करावी लागते. यूपीआयवरून जात असेल तर त्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ म्हणून जागा असते, तिथे बंद करता येते. ज्यांना पैसेच भरायचे नाहीत त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश आहे, डिश एकदा बसवली की महिन्याचं भाडं नाही. नोव्हेंबर २०२४ पासून प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲपही आहे, दूरदर्शनच्या जुन्या मालिका त्यावर सापडतात.

आणि आई-बाबांनो, २०२१ च्या सरकारी नियमांनुसार ओटीटीवरच्या कार्यक्रमांना ७, १३, १६ अशी वयाची खूण असते आणि १३ आणि त्यापुढच्यांना कुलूप लावायची सोय कंपनीने देणं बंधनकारक आहे. कुलूप आहे, पण लावतो कोण? मागच्या खुर्च्यांवर एकदम शांतता झाली, म्हणजे ऐकू जातंय.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. येत्या रविवारपासून सकाळी दहा ते साडेअकरा मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. येताना पासबुक भरून आणा, मोबाईल चार्ज करून आणा आणि चष्मा विसरू नका. पिन नंबर मात्र मलाही सांगू नका.